दित्याच्या बापाचा चष्मा

समस्त सभ्य स्त्रीपुरुषांस, आणि त्यातही ड्रॉइंग मास्तर नावाच्या उपेक्षित प्राण्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नंदुरबारच्या इंग्रजी शाळेतले चित्रकलेचे मास्तर — म्हणजे मीच — वर्गात दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरतात, त्यामागे कोणतेही तत्त्वज्ञान नाही. सबब, ज्यांनी ज्यांनी या कारणास्तव माझी वाखाणणी केली, हार घातले, नारळ दिले, त्यांनी ती वाखाणणी परत घ्यावी. हार सुकले. नारळ आम्ही खाल्ले. त्याला आता इलाज नाही.

हसलात ना? हसा. माणसं हसली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या पापाचं मूळ तिथं आहे. कुणाला तपकीर लागते, कुणाला दुपारची झोप. मला हशा लागतो. चार माणसं जमली आणि त्यातलं एकही हसलं नाही, तर घरी गेल्यावर मला जेवण गोड लागत नाही.

पण आज सांगतोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — आणि तिला माझ्या किती दाढा खऱ्या आणि किती खोट्या इथपर्यंत सगळं ठाऊक आहे. गणपतीच्या मेळ्यात ज्यांच्याबरोबर तोंडाला रंग फासून नाचलो, त्या मित्रांना नाही. कितीदा ओठावर आलं. आणि दर वेळी मी त्या जागी दुसरीच एखादी गंमत सांगून टाकली. माणूस गप्प बसला की लोक विचारतात, काय झालं? तो हसवत राहिला की कुणी विचारत नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का हे कधी? माझ्या फार लवकर आलं.

आधी माझी कीर्ती ऐका. म्हणजे मी कुठून पडलो ते नीट कळेल.

शिक्षकांचं संमेलन असलं की मला बोलावतात. धुळ्याला बोलावतात, नवापूरला बोलावतात, एकदा जळगावलाही बोलावलं होतं. मी काय करतो — समोरच्या रांगेतल्या एखाद्या गृहस्थाला वर बोलावतो. चांगला भारदस्त, उपरणंवाला बघून. म्हणतो, "आपल्या आईविषयी चार वाक्यं सांगा." ते सुरू करतात — "माझी आई पहाटे उठायची—" मी लगेच म्हणतो, "उठायची नव्हे, उठत असे." ते म्हणतात, "पहाटे उठत असे आणि जात्यावर—" मी म्हणतो, "आवाज चढवा, आणि हात खिशातून काढा." ते म्हणतात, "जात्यावर बसून—" मी म्हणतो, "बसून नको, आधी जात्याचं वर्णन करा." तिसऱ्या वाक्याला गृहस्थ गप्प होतात. काहीही केलं तरी पुढे बोलत नाहीत. सभागृह हसून लोटपोट. मग मी आवाज खाली आणतो. मला येतं ते. म्हणतो, "बघा, यांना आई नव्हती असं नाही. आपण ती सांगू दिली नाही. मुलांच्या चित्राचं आपण रोज हेच करतो. मास्तरची पेन्सिल मुलाच्या कागदाला लागता कामा नये."

टाळ्या. दर वेळी टाळ्या. एकदा तर त्या गृहस्थांनीच डोळे पुसले.

मग हे सगळं खोटं का? तसं असतं तर किती बरं झालं असतं! ते खरं आहे. मी आजही त्याच्यावर विश्वास ठेवतो. परीक्षेसाठी तांब्या, पेटी, शंकू हे सगळं मी इमानानं शिकवतो, सावली कुठल्या बाजूला पडते ते सांगतो. पण शनिवारचा शेवटचा तास मुलांचा. त्या तासाला फळ्यावर एकच ओळ — मनातलं काढा. काय काढू, असं विचारायचं नाही. चुकलं का, असंही विचारायचं नाही. ड्रॉइंगचा कागद परवडत नाही, म्हणून दुकानातून सामान बांधून येतो तो तपकिरी कागद आणि घरी केलेला कोळसा. कापसाच्या वाळलेल्या काटक्या, म्हणजे पऱ्हाट्या, सोलून, सारख्या तोडून पत्र्याच्या डब्यात घट्ट भरायच्या, झाकणाला मातीनं लिंपायचं आणि डबा चुलीत ठेवायचा. धूर यायचा थांबला की कोळशाच्या काड्या तयार. मऊ, काळ्याकुट्ट, आणि चुकलं तर फडक्यानं झटकता येणाऱ्या.

झटकता येणाऱ्या. हे ध्यानात असू द्या.

त्या तासाला काय काय निघायचं! रंगाऱ्याच्या पोरानं एकदा कागदभर दोन हात काढले, कोपरापर्यंत रंगानं माखलेले. बाकी काहीच नाही. मी विचारलं, "बाकीचा बाप कुठाय रे?" म्हणाला, "अब्बा के हाथ बडे हैं ना मास्तरजी, कागज खतम हो गया." मी तो कागद आठवडाभर जो भेटेल त्याला दाखवत हिंडलो. सांगा बरं, कुठल्या तांब्यानं हे दिलं असतं?

बघा, मी पुन्हा गमतीत शिरलो. मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

दित्या आमच्या शाळेत आला तेव्हा मी तिशीत होतो. तोरणमाळकडच्या एका पाड्यावरचं हे पोर. त्याचा बाप खेमा हा रनाळ्याच्या आप्पा पाटलांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राहणारा गडी. पोरही तिथंच वाढलेलं. गावातल्या मराठी शाळेत ते चौथीपर्यंत हुशार निघालं, आणि आप्पांच्या डोक्यात आलं की याला इंग्रजी शाळेत घालायचं. नंदुरबारात आप्पांचं एक घर होतं, तिथं त्याच्या राहण्याची सोय झाली. पण डोंगरातलं पोर इंग्रजी शाळेत — तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. मोठे मास्तर, म्हणजे आमचे हेडमास्तर, नाही म्हणाले. दुसऱ्यांदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा आप्पा त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. म्हणाले, "साहेब, पोऱ्या मन्हा नही शे, पन मन्हा घरना समजा. काही चुकनं तर माले बलावा."

मोठे मास्तर म्हणाले, "घेतो. पण एक तक्रार — एकच — आली, की नाव कमी करीन. मग तुम्हीही येऊ नका."

मी तिथंच होतो. ही अट मी माझ्या कानांनी ऐकली होती.

या मोठ्या मास्तरांविषयी दोन शब्द. माणूस वाईट नव्हता. कडक होता. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं काळा दोरा कानाला गुंडाळलेला. आणि काखेत छत्री. पाऊस असो, ऊन असो, छताखाली वर्ग तपासत असोत — छत्री काखेत. मी त्यांची नक्कल करायचो. डोळ्यांपुढे बोटांची दोन वर्तुळं धरायची, काखेत रूळ घ्यायचा, आणि म्हणायचं, "हूं. पुढे." पोरं बाकांवरून खाली पडायची. मोठ्या मास्तरांच्या कानावर हे गेलं होतं. त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही.

दित्या पहिले कितीतरी महिने काही काढत नव्हता. घरची बोली एक, रनाळ्यात शिकलेली अहिराणी दुसरी आणि शाळेतली मराठी तिसरी — तीन भाषांच्या मधे ते पोर उभं. शनिवारी सगळ्यांचे कागद काळे व्हायचे, याचा कोरा. मी त्याला कधी रागावलो नाही. म्हणायचो, "असू दे. कोरा कागदही तुझाच आहे." किती छान वाक्य, नाही? म्हणताना मला स्वतःलाच आवडायचं. पण तुम्हाला खरं सांगू? मला त्याचा लळा लागला होता. तो कोळशाचे डबे लिंपायला माझ्या घरी यायचा. माती लावताना जीभ बाहेर काढायचा. माझी बायको त्याला भाकरीवर ठेचा द्यायची, तो डोळ्यांत पाणी आणून खायचा आणि आणखी मागायचा. मी वाट बघत होतो, की या पोराच्या आतलं काय बाहेर येतं.

मग होळी आली. खेमा होळीला डोंगरात गेला आणि पोराला घेऊन गेला. दित्या परत आला तो सुट्टी संपून बरेच दिवस झाल्यावर. केसांच्या मुळाशी राख तशीच. वर्गातली पोरं म्हणाली, "आंघोय बी नही करी का रे भो?" तो आपल्या बाकावर जाऊन बसला. शनिवारी मात्र माझ्याकडे आला आणि पहिल्यांदा काही मागितलं. एक कागद पुरणार नाही, दोन जोडून द्या.

मी दिले. तो बाकावर कागद पसरून उभ्यानंच काढत होता.

एक माणूस काढला त्यानं. पार कागदाच्या कडेपर्यंत. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्यात मोरपिसं. एकेक पीस वेगळं. कमरेला सुकलेल्या पोकळ भोपळ्यांच्या दुध्या बांधलेल्या, गोल गोल, आणि नाचताना त्या एका बाजूला फेकल्या गेल्या आहेत. अंगभर तांदळाच्या पिठाचे ठिपके — ते त्यानं कसे केले असतील? सगळं अंग कोळशानं काळं करून घेतलं आणि कोरडं फडकं बोटावर गुंडाळून एकेक ठिपका पुसून काढला. मी हे कुणाला शिकवलेलं नव्हतं. मला स्वतःला सुचलं नसतं. हातात एक सरळ काठी. चेहऱ्यावर नुसते दोन डोळे, आणि ते तुमच्याकडे बघत नव्हते. कुठंतरी पलीकडे बघत होते.

मी विचारलं, "कोण रे हा?"

"मन्हा बा," तो म्हणाला.

आणि मग बोलला. ते पोर बोलायला लागलं! तिन्ही भाषा मिसळून, मधे मधे अडकत. होळीत हा वेश घेणारा माणूस नवसाचा असतो. त्यानं ते दिवस खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर निजायचं, अंगाला पाणी लावायचं नाही, बायकोच्या हातचं खायचं नाही. दित्याला लहानपणी देवी आल्या होत्या. पाड्यावरची दोन पोरं गेली, हा राहिला. तेव्हा खेमा बोलला होता की हे पोर जगलं तर मी पाच होळ्या नाचेन. ही पाचवी होती. पाचव्या होळीला बाप कसा नाचला ते दित्यानं या वेळी डोळे भरून पाहिलं होतं, आणि ते तो मला दाखवत होता.

हे सगळं त्यानं मला सांगितलं. मला. मला कल्पना नव्हती असं म्हणायला मी जागा ठेवलेली नाही.

तो हात धुवायला नळावर गेला. तास संपायला थोडा वेळ होता. पोरं चित्राभोवती जमली होती, आणि गप्प होती. वर्गात ड्रॉइंगच्या तासाला अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चाळीस पोरं, आणि एकही माझ्याकडे बघत नव्हतं.

तुम्हाला समजतंय का मी काय म्हणतोय ते? त्या वर्गात माझ्याकडे बघायची सवय होती. मी कोळसा उचलला. कशासाठी, ते मी अजून स्वतःला विचारतो. मत्सर होता का? की नुसती शांतता सहन झाली नाही? दोन्ही असेल. हात मात्र झरझर चालला. इतका सफाईदार तो नंतर कधी चालला नाही. दोन डोळ्यांभोवती दोन वर्तुळं, कानाशी लोंबणारा दोरा. काठीच्या टोकाला एक वळण दिलं, की मूठ झाली. मधे फुगवटा दिला, की छत्री. पाच-सहा रेघा सगळ्या मिळून. आणि बांबूचा टोप घातलेले, दुध्या बांधलेले आमचे मोठे मास्तर कागदावर नाचायला लागले.

"हूं," मी म्हणालो. "पुढे."

हशा असा फुटला की छपराखालची कबुतरं उडाली. पोरं बाकं बडवत होती. मी कमरेत वाकून डावीकडे, उजवीकडे मुजरे केले. मी फार खूष होतो. हे सांगताना लाज वाटते, पण त्या घटकेला मी खूष होतो.

दित्या दारात आला. पोरांनी वाट करून दिली. एकजण ओरडला, "दित्या, तुन्हा बाप कव्हयपासून चष्मा घालाले लागना रे?" तो जवळ आला. चित्र बघितलं. मला वाटलं, हसेल. खरंच वाटलं! मी त्याच्याकडे बघून भुवई उडवली, जणू आम्ही दोघांनी मिळून ही गंमत केली होती. तो हसला नाही. रडलाही नाही. त्यानं आपला अंगठा जिभेवर ओला केला आणि त्या चष्म्यावर घासायला लागला. ओल्या अंगठ्यानं कोळसा जातो का? पसरतो. बापाचे डोळे काळे झाले. तो आणखी घासत राहिला.

कोरडं फडकं माझ्या खांद्यावर होतं. मी दिलं नाही. सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आलो.

हसण्याच्या आवाजानं मोठे मास्तर आले. दारात उभे, काखेत छत्री. त्यांनी चालत येऊन कागद उचलला. डोळे काळवंडून गेले होते, पण दोरा होता, छत्री होती. एवढं कुणालाही ओळखू आलं असतं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

दित्यानं जे खरं होतं ते सांगितलं. "मन्हा बा."

वर्ग पुन्हा फुटला. पोरांचा काय दोष? त्यांना ते फार मोठं धाडस वाटलं — हेडमास्तरांच्या तोंडावर! मोठ्या मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी दित्याला हाताला धरून ऑफिसात नेलं आणि जाताना मला म्हणाले, "तुम्हीही या."

ऑफिसातलं सांगतो. पण आधी पुढचं सांगून टाकू द्या. ते सोपं आहे.

त्याच दिवशी दित्याचं नाव कमी झालं. चित्राची चौघडी करून मोठ्या मास्तरांनी टेबलाच्या खणात टाकलं. पुढं ते नोकरीतून मोकळे होऊन त्यांच्या गावी गेले. चित्राचं काय झालं ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

सोमवारी आप्पा पाटील आले. मोठ्या मास्तरांनी त्यांना भेट दिली नाही. ते व्हरांड्यात माझ्यापाशी आले. म्हणाले, "मास्तर, तुम्हले तर माहीत व्हई. पोऱ्यानीच काढं का ते?"

मी म्हणालो, "आप्पा, मोठ्या मास्तरांनी ठरवलं. तिथं माझ्यासारख्याचं कोण ऐकणार?"

"तुम्ही बोलतस तव्हय सारं गाव आयकस, मास्तर," आप्पा म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. बाहेर गाडीपाशी खेमा उभा होता, पोराचं गाठोडं घेऊन. मला बघितल्यावर त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडून रामराम केला. त्याच्या लेखी मी पोराला कागद देणारा मास्तर होतो. मी रामराम घेतला. घेतला! दित्या गाडीत मागं तोंड करून बसला होता. त्याचा अंगठा अजून काळा होता, की मला तसा दिसला, सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी वर्गात हात मागे बांधायला लागलो. पहिले काही दिवस भीतीनं. वाटायचं, हे हात पुन्हा काहीतरी करतील. मग सवयीनं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं आणि विचारलं, "आपण मुलांच्या चित्राला हात लावत नाही?" मी म्हणालो, "कधीच नाही." साहेबांनी शेऱ्यात चांगलं लिहिलं. मग मी त्याच्याभोवती वाक्यं रचली. वाक्यं चांगली होती. खरीही होती. त्यांनी पुष्कळ मुलांचं भलं झालं. दोघं-तिघं मुंबईला चित्रकला शिकायला गेले, ते पत्र लिहितात, त्यात मला गुरू म्हणतात. नवे मास्तर माझं बघून हात मागे बांधून फिरतात. एक तर पोट पुढे काढूनही फिरतो, तेही माझंच बघून.

दित्या आता मोठा गडी आहे. आप्पांच्याच शेतात सालदार. मागं रनाळ्याला गेलो होतो तेव्हा बांधावर भेटला. बैलांना पाणी दाखवून येत होता. "रामराम गुरुजी," म्हणाला. मला एकच विचारायचं होतं. चित्र काढतोस का रे कधी? मी बैलांची किंमत विचारली. त्यानं सांगितली. मी म्हणालो, जोडी छान आहे. तो म्हणाला, हो. मग तो एका बाजूला गेला, मी दुसऱ्या.

आता ऑफिस.

मोठे मास्तर खुर्चीत बसले. कागद टेबलावर पसरला. दित्या टेबलाच्या एका अंगाला, मी दुसऱ्या अंगाला. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, दोरा पुन्हा कानाला गुंडाळला. रागावलेला माणूस असं इतक्या सावकाश करत नाही. त्यांचा राग उतरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्ही माझ्या नकला करता ते मला ठाऊक आहे. ही छत्री या पोराच्या हातची वाटत नाही. तुमची असेल तर सांगा. चार शब्द बोलेन, विषय संपेल. हा वर्गात जाईल."

चार शब्द! माझी नोकरी जाणार नव्हती. पगार कापला जाणार नव्हता. फार तर एका पोरासमोर माझी कानउघाडणी झाली असती, आणि त्यानं ती वर्गात जाऊन सांगितली असती, आणि वर्ग हसला असता. मला हसला असता. बस, एवढंच होतं पलीकडच्या पारड्यात. अलीकडच्या पारड्यात काय होतं ते तुम्हाला सांगून झालं आहे.

मी दित्याकडे पाहिलं. तो घाबरलेला असता तर कदाचित मला जमलं असतं. तो निर्धास्त होता. त्याच्या तोंडावर शंकासुद्धा नव्हती. मास्तर सांगणार, आणि मग आपण वर्गात जाणार — असा तो उभा होता. परत जायला सोपं जावं म्हणून एक पाऊल दाराकडे वळवलेलं.

आणि माझ्या तोंडून निघालं — लगेच निघालं, विचार न करता, अगदी हसऱ्या आवाजात:

"छे हो साहेब, चित्र सगळं त्याचंच! डोंगरातल्या पोराच्या मनात दुसरं काय असणार?"